गृहीतागमा : एका पाठशाळेचा वर्धापनदिन आणि तिचा अहवाल

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. भाषा शक्य तितकी वक्त्यांचीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक आहे.

आजच्या व्याख्यानाची जाहिरात ‘महिला महाविद्यालयाचा वर्धापनदिन’ अशी झाली. ते वाचून काही जणांना वाटलं असेल, की हारतुरे आणि गौरवपर भाषण ऐकायला मिळणार. तसं काही नाही. झालं असं, की मध्यंतरी एका महिला महाविद्यालयाने मला वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग प्राचार्यबाई उठल्या आणि त्यांनी वर्षाचा अहवाल वाचायला घेतला. अहवाल सुरू झाला की सभागृहात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुली कुजबुजायला लागतात, व्यासपीठावरचे पाहुणे घड्याळ बघतात. पटसंख्या अमुक, निकाल तमुक टक्के, श्रमसंस्कार शिबिर, खो-खोच्या संघाची कामगिरी, वसतिगृहावर बसवलेली पाण्याची नवी टाकी, आणि शेवटी देणगीदारांची नावं. पण आम्हा इतिहासवाल्यांचं जरा विचित्र असतं. मला अहवाल आवडतात. टाकीला पैसे कुणी दिले आणि देताना कोणती अट घातली, यावरून संस्थेबद्दल जे कळतं ते स्वागतगीतावरून कळत नाही.

तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की मराठीतून शिकवणारं बायकांचं कॉलेज जेव्हा पहिल्यांदा उघडलं, तेव्हा वर्ष संपल्यावर त्यांनी अहवालात काय सांगायचं? पटसंख्येच्या रकान्यात काय लिहायचं? आजचं व्याख्यान त्या एका विचारातून निघालं आहे.

तर तारीख आहे ५ जुलै १९१६. जागा हिंगणे बुद्रुक. आज तिथे कर्वेनगर आहे, चारी बाजूंनी इमारती आणि रिक्षा आहेत. तेव्हा पुण्यापासून चारेक मैलांवरचं खेडं होतं आणि पावसाळ्यात वाटेत चिखल. त्या दिवशी महिला पाठशाळा उघडली. ‘पाठशाळा’ म्हणजे शाळा नव्हे बरं का, ते कॉलेज. वर त्याच्या डोक्यावर एक अख्खं विद्यापीठ होतं – ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’, महिनाभरच आधी, ३ जूनला, ज्याच्या सिनेटची पहिली सभा झाली होती. कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, म्हणजे संस्कृत विद्येतलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव. कुलगुरू र. पु. परांजपे, केंब्रिजचे सीनियर रँग्लर. नाव पाहा, माणसं पाहा. आणि विद्यार्थिनी? हाताच्या बोटांवर मोजता याव्यात इतक्या. एवढ्याशा वर्गासाठी कुलपती, कुलगुरू, सिनेट! लोक हसले असणारच. आजच्या भाषेत सांगायचं तर पटसंख्येअभावी शासनाने पहिल्याच वर्षी नोटीस पाठवली असती.

हा उद्योग करणारा माणूस तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. अण्णासाहेब कर्वे. त्यांचं चरित्र तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी ते भरभर सांगते. मुरूडचा मुलगा, परीक्षेसाठी पावसात सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेला आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवला गेला. मुंबईला एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी.ए., १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी राधाबाई त्याच साली गेली. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. मुरूडकरांनी बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. १९०० मध्ये प्लेगच्या दिवसांत आश्रम हिंगण्याला हलवला. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिली, सहा एकर. तिथली ती झोपडी अजून जपून ठेवली आहे, जाऊन पाहा. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन हिंगण्याला चालत जायचं, हा क्रम.

इथे मी थोडी थांबते, कारण चरित्रात गोदूबाई एका वाक्यात येतात आणि जातात. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर आनंदीबाई, पण सगळे त्यांना बाया म्हणत. नवरा विधवांसाठी संस्था काढतो, मिळवलेलं तिच्यात ओततो, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करतो. आता पॉलिसी म्हणजे काय? नवरा गेला तर बायकोच्या हाती उरणारी गोष्ट. जी बाई एकदा विधवा होऊन बसली आहे, तिच्या दृष्टीने या दानाचा अर्थ काय होत असेल! बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात संसाराची ही ओढाताण अगदी मोकळेपणाने सांगितली आहे. महर्षींच्या घरात राहणं किती कठीण होतं हे कळायला ते पुस्तक वाचावं. आणखी एक गोष्ट. कर्व्यांनी विधवाविवाहाची चळवळ आणि आश्रम ही दोन कामं कटाक्षाने वेगळी ठेवली. आश्रम विधवांना शिकवणारा. लग्न लावून देणारा नव्हे. असं केलं नसतं तर एकाही सनातनी घरातून मुलगी आली नसती आणि एकही रुपया आला नसता. व्यवहार म्हणून बरोबर आहे. पण पुनर्विवाह केलेली त्यांची स्वतःची बायकोच त्या व्यवहारात अडचणीची ठरते, हे आपण विसरू नये.

असो. पाठशाळेकडे येऊ.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अधिवेशन होतं आणि कर्व्यांना अध्यक्ष केलं होतं. अध्यक्षीय भाषणात काय बोलावं या विचारात असताना त्यांना एका पुस्तिकेची आठवण झाली. बनारसहून कुणी तरी पोस्टाने पाठवलेली, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका. आली तेव्हा त्यांनी चाळून बाजूला ठेवली होती. आपल्याकडेही अशा पुस्तिका येतात आणि आपणही बाजूला ठेवतो. ही मात्र त्यांनी पुन्हा काढली, नीट वाचली, आणि भाषणात मांडलं की आपल्या देशातही स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ हवं, मातृभाषेतून शिकवणारं. भाषण डिसेंबरच्या अखेरीस. जूनमध्ये सिनेट, जुलैत कॉलेज. सहा महिने. आज आपल्याला नवीन तुकडीची परवानगी यायला किती वर्षं लागतात ते इथे बसलेल्या प्राध्यापक मंडळींना विचारा.

टोकियोचं ते विद्यापीठ १९०१ साली जिन्झो नारुसे या गृहस्थांनी काढलेलं. नारुसे म्हणत, मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग राष्ट्राची घटक म्हणून. क्रम लक्षात ठेवा, माणूस आधी. कर्व्यांनी मुंबईत जी मांडणी केली तिचा भर थोडा वेगळा पडला. स्त्री आणि पुरुष यांची समाजातली कामं वेगळी आहेत, बहुसंख्य मुली संसार करणार आहेत, तेव्हा त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा असावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाठशाळेत काय शिकवायचं? मातृभाषा, इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्र, आणि गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र हे विषय. गणित सक्तीचं नाही. संस्थापक तेवीस वर्षं गणित शिकवलेला प्राध्यापक, कुलगुरू सीनियर रँग्लर, आणि पोरींना गणित सक्तीचं नाही! मला याची गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

राग यायला तेव्हाच्या लोकांनाही आला होता, आणि तो फक्त सनातन्यांना आला असं समजू नका. सनातन्यांचा विरोध जुना. १८८४ ला हुजूरपागा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी शिक्षण नको म्हणून टिळकांच्या पत्रांनी झोड उठवली होतीच. पण १९१६ चा बोचरा आक्षेप सुधारकांकडून येत होता. त्यांचं म्हणणं असं, की मुंबई विद्यापीठाची दारं बायकांना उघडी आहेत. १८८० च्या दशकातच कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाली. फर्ग्युसनमध्ये मुली मुलांच्या बरोबर बसून शिकतात. मग आता वेगळं विद्यापीठ, वेगळा आणि हलका अभ्यासक्रम, तीन वर्षांची पदवी – म्हणजे बायकांसाठी दुय्यम प्रतीचं शिक्षण नाही का झालं?

हा आक्षेप खोडून काढणं सोपं नाही आणि मी तो खोडणारही नाही. पण दुसरी बाजू पाहा. मुंबई विद्यापीठाची दारं उघडी होती हे खरं. त्या दारातून आत जाणाऱ्या किती होत्या? आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या-चौदाव्या वर्षी वैधव्य, विसाव्या वर्षी धुळाक्षरं गिरवायला सुरुवात. अशा बाईने सगळे विषय इंग्रजीतून शिकून मॅट्रिक कधी व्हायचं आणि त्यावर चार वर्षांचं कॉलेज कधी करायचं? कर्व्यांसमोर वर्गात बसलेली बाई ही होती. कॉर्नेलिया सोराबजी त्यांच्यासमोर नव्हती.

भाषेचा मुद्दा त्यात सर्वांत महत्त्वाचा. शिकवण्याचं माध्यम मराठी. इंग्रजी हा सक्तीचा विषय. १९१६ मध्ये मराठीतून कॉलेज म्हणजे काय, याची कल्पना करा. पुस्तकं नाहीत. परिभाषा नाही. मानसशास्त्रातली संज्ञा मराठीत कशी सांगायची ते शिकवणाऱ्याने आदल्या रात्री बसून ठरवायचं. मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावं का यावर आपण आजही परिसंवाद घेतो, बरं का. गांधीजींना मातृभाषेचं माध्यम एकदम पसंत पडलं. त्यांचं म्हणणं उलट बाजूने होतं, की इंग्रजीची सक्तीही नको. कर्वे तिथे बधले नाहीत. इंग्रजी आलं नाही तर आमच्या मुलींना जगाशी बोलता येणार नाही, असं त्यांना वाटे.

इंग्रजी येत नसणं म्हणजे काय, हे त्या संस्थेत एका बाईइतकं कुणालाच ठाऊक नसेल. पार्वतीबाई आठवले. बायांची बहीण. विसाव्या वर्षाच्या आसपास विधवा, केशवपन झालेली, पदरात मुलगा. हिंगण्याला आली, शिकली, आणि संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरली. तिच्या सोवळ्या वेषाचा संस्थेला उपयोग झाला, कारण जुन्या वळणाच्या घरात तिला ओसरी ओलांडून आत जाता येई, माजघरातल्या बायकांशी बोलता येई. कोटटोपी घातलेल्या सुधारकाला ते जमलं नसतं. पुढे तिने तो वेष सोडला. इंग्रजी शिकायचा तिने इथे प्रयत्न केला, जमेना. तर ही बाई १९१८ मध्ये, चाळिशी उलटून गेल्यावर, अमेरिकेला गेली. इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे जमवायला. लोकांच्या घरात घरकाम करून राहिली. दोन वर्षांनी परत आली. ‘माझी कहाणी’ म्हणून तिचं आत्मचरित्र आहे. आपल्याकडे ‘परदेशात जाऊन शिकलेल्या पहिल्या स्त्रिया’ अशा याद्या निघतात. त्यात डॉक्टर असतात, बॅरिस्टर असतात. पार्वतीबाईंचं नाव मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

आता पदवी. इंग्रजी नाव नको म्हणून संस्कृत नावं शोधली. पदवीधर बाई म्हणजे ‘गृहीतागमा’. आगम म्हणजे विद्या. जिने विद्या ग्रहण केली ती. पुढची पदवी ‘प्रदेयागमा’, जिने आता विद्या द्यावी ती. आद्याक्षरं घेऊन जी.ए. आणि पी.ए. शब्द सुंदर आहेत, नाही का? फक्त एक अडचण होती. सरकारने या विद्यापीठाला मान्यता दिलेली नव्हती. म्हणजे बाई जी.ए. झाली, तरी सरकारच्या लेखी ती कुणीच झालेली नव्हती.

मान्यता नाही म्हणजे अनुदान नाही. मग पैसा कुठून? इथे पुन्हा मला तो अहवाल आठवतो. सुरुवातीची योजना वर्गणीदारांची होती. दरसाल पाच-दहा रुपये देणारे लोक मतदार व्हायचे आणि त्यांनी सिनेट निवडायची. विद्यापीठाचा मालक कोण, तर वर्गणीदार. मला ही कल्पना फार आवडते. कर्वे गावोगाव, प्रांतोप्रांत फिरले. वर्गणी गोळा करायची, पावती द्यायची, पुढच्या गावाला जायचं. आणि परत येऊन हिशेब मांडायचा. हिशेबाच्या बाबतीत हा माणूस गणिती होता.

मग १९२० आलं. सर विठ्ठलदास ठाकरसी, मुंबईचे गिरणीमालक. जगप्रवासात जपानला जाऊन आलेले. त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळचे पंधरा लाख! साडेतीन टक्क्यांनी दरवर्षी ५२,५०० रुपये व्याज. पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या संस्थेला हे किती मोठं वाटलं असेल. अटी होत्या. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या आईचं नाव द्यायचं – श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आणि पुढेमागे मुख्यालय मुंबईला न्यायचं. आपण आज सहज ‘एस.एन.डी.टी.’ म्हणतो, ती एका आईची आद्याक्षरं आहेत हे किती जणांना माहीत असतं? चर्चगेटला उतरणाऱ्या मुलींना एकदा विचारून पाहायला हवं.

या पैशाने विद्यापीठ तगलं, यात वाद नाही. गुजराती माध्यमाच्या संस्था जोडल्या गेल्या, पसारा मराठी मुलखाबाहेर गेला. पण वर्गणीदारांचं विद्यापीठ एका मोठ्या देणगीवर टेकलं आणि त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले. पुढे त्यांच्या विश्वस्तांचे आणि विद्यापीठाचे अटींवरून मतभेद झाले, तडजोड झाली, आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. पुण्याच्या मंडळींना ते लागलं. हिंगण्याच्या माळावर जे उगवलं ते मुंबईला का न्यायचं? एका अर्थी खरं आहे. दुसऱ्या अर्थी, मुंबईत बायका नोकरी करू लागल्या होत्या आणि विद्यापीठाने तिथे असायलाच हवं होतं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पुण्यात हे बोलताना मी थोडी दबकतेच.

दरम्यान १९२९ साली सत्तरी ओलांडलेले कर्वे पैसे जमवायला परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, आणि येताना जपान. परत आले आणि लगेच आफ्रिकेला. मोंबासाला त्यांचे चिरंजीव शंकर डॉक्टर होते. टोकियोला ते महिला विद्यापीठात जाऊन आले, ज्याची पुस्तिका एके काळी चाळून बाजूला ठेवली होती. आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. टोकियोचं ते ‘विद्यापीठ’ही कायद्याने विद्यापीठ नव्हतं! नाव विद्यापीठ, पण जपान सरकारच्या लेखी ती खालच्या दर्जाची संस्था होती. तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९४८ मध्ये. म्हणजे कर्व्यांनी जो नमुना डोळ्यांसमोर ठेवला तोच मुळात मान्यता नसलेला. आणि आपल्या मुंबई विधिमंडळाने एस.एन.डी.टी.चा कायदा केला १९४९ मध्ये; १९५१ पासून ते वैधानिक विद्यापीठ झालं. टोकियो आणि हिंगणे, दोघींनी वाट पाहिली आणि वर्षभराच्या अंतराने दोघींना दार उघडलं.

१९१६ ते १९४९. तेहतीस वर्षं. हा आकडा आपण पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो, म्हणून आता एक घरची गोष्ट सांगते.

माझी थोरली आत्या जी.ए. होती. चाळिसच्या दशकात झालेली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिली बाई, आणि आजोबांनी पाठवलं ते केवळ ‘बायकांचं कॉलेज आहे, मराठीतून शिकवतात’ म्हणून. एरवी पाठवलंच नसतं. म्हणजे कर्व्यांचं गणित आमच्या घरापुरतं अचूक होतं. लग्न होऊन ती एका तालुक्याच्या गावी गेली. काही वर्षांनी घरात पैशांची गरज पडली आणि तिने तिथल्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. कारकुनाने प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “बाई, हे जी.ए. म्हणजे काय?” आत्या म्हणाली, “गृहीतागमा.” तो म्हणाला, “म्हणजे मॅट्रिक का?” आत्याने त्याला समासाचा विग्रह करून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचं नाव पदवीधर नसलेल्यांच्या पगारश्रेणीत लिहिलं.

आत्या ही गोष्ट हसत सांगायची. कारकुनाची नक्कल छान करायची. पण पगार हसण्यावारी नेता येत नाही. तिच्या बरोबरीचा, तिच्याएवढंच शिकवणारा बी.ए. झालेला शिक्षक तिच्यापेक्षा जास्त घेऊन घरी जायचा, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. आम्ही कुणी ‘हलका अभ्यासक्रम’ वगैरे म्हटलं की तिला राग यायचा. म्हणायची, “अण्णांनी आम्हाला कॉलेजात बसवलं. तुझ्या त्या मुंबई विद्यापीठाने मला बसवलं असतं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तिच्या पगारपत्रकालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या होत्या.

आणि तिला निदान आत तरी जाता आलं. हिंगण्याच्या सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थिनी बहुतेक ब्राह्मण घरातल्या. केशवपन, सोवळं, सक्तीचं वैधव्य हा प्रश्न मुख्यतः त्या जातींचा होता, म्हणून तसं झालं, असं म्हणता येतं. आणि तसं म्हणून भागत नाही हेही खरं. याच पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढताना दार कुणाकुणासाठी उघडलं होतं, ते आठवावं. कर्व्यांना ही उणीव जाणवली असावी. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी समता संघ काढला. उशीर झाला होता.

वेळ बघते... दहा मिनिटं आहेत. प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आज त्याच आवारात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मग गणित सक्तीचं न करण्याबद्दल आज काय म्हणायचं?)

हो, १९९१ मध्ये निघालं ते. अभियांत्रिकी, म्हणजे पहिल्या सेमिस्टरपासून गणित. मी तिथे एकदा गेले होते. झोपडी पाहिली आणि बाहेर आले तर समोरून मुली येत होत्या, हातात ड्रॉइंगचे कागद, आणि एकमेकींना एम-टू किती वाईट गेला ते सांगत होत्या. एम-टू म्हणजे दुसऱ्या सत्राचं गणित. कर्वे मास्तर असते तर त्यांनी तिथेच थांबवून पेपर मागितला असता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, मला वाटतं गणित वगळणं ही त्यांची चूक होती. ज्या बाईला ते शिकवत होते तिच्याबद्दलचा त्यांचा अंदाज बरोबर होता. तिच्या मुलीबद्दलचा चुकला.

(प्रश्न : तुमच्या आत्यांना पदवीधरांची श्रेणी शेवटी मिळाली का?)

मिळाली, पण जी.ए.वर नाही. चाळिशीच्या आसपास तिने बाहेरून बी.ए.ला बसायचं ठरवलं. दिवसा शाळा, रात्री अभ्यास, घरात आम्ही पोरं दंगा करणारी. पास झाली. श्रेणी बदलली. परीक्षेच्या अर्जाची एक नक्कल तिच्या ट्रंकेत सापडली, ती मी ठेवून घेतली आहे. ‘आधीचे शिक्षण’ म्हणून एक छोटा रकाना होता, त्यात तिने जी.ए. असं लिहिलेलं नाही. पूर्ण शब्द लिहिला आहे, आणि तो रकान्यात मावला नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं समासात गेली आहेत.

आणखी कुणाचा प्रश्न? नाही? मग थांबू या. बाहेर चहा आहे.